जिवंत मामांचं तर्पण

माझा धंदा नक्की काय आहे हे आमच्या नात्यातल्या निम्म्या मंडळींना अजून ठाऊक नाही. "कॉम्प्युटरचं काहीतरी करतात," एवढं सांगून माझी बायको मंजिरी विषय मिटवते आणि पोह्यांच्या बशा पुढे करते. मला विषय मिटवायला आवडत नाही, वाढवायला आवडतो. उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहाल का, असं संपादकांनी विचारलं तेव्हा मी छातीवर हात ठेवून "छे, मी कसला लेखक" म्हटलं, आणि ते खरं मानतील या भीतीनं लगेच पुढे म्हटलं, "किती पानं?"

लिहायचं मात्र काय, यावर अडलो. कौतुकाचे प्रसंग माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण आता कुणी "तुमच्या कामातलं सांगा ना" म्हटलं की एकच प्रसंग धावत पुढे येतो, आणि त्याच्या मागून लाज. लाज वाटली की मला हसू येतं, हा जुना दोष. तेव्हा मी हसत सांगतो. तुम्हीही हसा. शेवटी शेवटी तुमचं हसू जरा कमी होईल, तेव्हा समजा की माझंही झालंय.

तर धंदा असा. मी प्रोग्रॅम लिहितो. ते प्रोग्रॅम माझ्या घरात चालत नाहीत, दूर कुठेतरी भाड्यानं घेतलेल्या कॉम्प्युटरवर चालतात. त्याला सर्व्हर म्हणायचं. त्याला ना पडदा, ना माणूस. मी फ्रीगंजमधल्या माझ्या खोलीत बसून त्याला एकेक ओळ लिहून हुकूम द्यायचा आणि त्यानं ऐकायचं. त्याच्या पोटात फोल्डर असतात, फोल्डरात फोल्डर, त्यात फायली. जसं घर, घरात कपाट, कपाटात कप्पा, कप्प्यात डबा. प्रोग्रॅमला काहीही वाचायचं असेल तर त्या डब्याचा पत्ता द्यावा लागतो. माझ्या धंद्यातली अर्धी रडारड या पत्त्यावरून होते.

पत्ता दोन तऱ्हांनी देता येतो. एक, पार मुळापासून: अमुक घर, अमुक खोली, अमुक कपाट, अमुक डबा. दुसरा आपल्या उज्जैनी पद्धतीचा. टावर चौकात कुणालाही विचारा, "भैया, फलाणं दुकान कुठे?" तो हात वर करून म्हणणार, "ये रहा, सामने से लेफ्ट." टावरपाशी उभं असताना हा पत्ता उत्तम. पण तोच तुम्ही फोनवर भावाला सांगितलात आणि भाऊ स्टेशनावर उभा असेल, तर तो समोरून डावीकडे वळेल आणि भलत्याच दुकानात शिरेल. पत्ता चुकला नाही. उभं राहायची जागा चुकली.

हे मी लोकांना इतक्या रंगात येऊन समजावत असे की विचारू नका. भैरवगढचे यासीनभाई चादरींवर ठप्प्यांनी छपाई करतात. त्यांनी कुणाकडून तरी स्वतःच्या दुकानातच बसवून वेबसाईट करून घेतली होती. एक दिवस आले, खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "साहब, अजीब चक्कर है. मेरी चादरें मेरी दुकान के कंप्यूटर पर दिखती हैं. इंदौर में मेरे साले को नहीं दिखतीं. उसकी आँख खराब है या नीयत?"

मी जाऊन पाहिलं. फोटोंचे पत्ते लिहिले होते ते असे: या कॉम्प्युटरची सी ड्राइव्ह, तिच्यात डेस्कटॉप, त्याच्यात "नई चादरें". म्हणजे पत्ता होता मुळापासूनच, पण मूळ यासीनभाईंच्या दुकानातलं! साल्याच्या कॉम्प्युटरला डेस्कटॉप होता, चादरी कुठून असणार?

यासीनभाईंना हे सांगितलं तर ते खो खो हसले. "मतलब मैंने ग्राहक से कहा कि चादर मेरे पलंग पर बिछी है, आके देख लो!"

तो किस्सा मी पुढे वर्षभर प्रत्येक लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत सांगितला. ज्यानं ती वेबसाईट केली होती त्याची नक्कल करून दाखवली. त्या बिचाऱ्याचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं, तरी नक्कल केली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता दत्तूगुरुजी. रामघाटावर आमच्या मराठी घरांचं पौरोहित्य त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या. मी आणि ते शाळेत एका बाकावर, त्यामुळे चारचौघांत "गुरुजी" आणि एरवी "दत्तू". पितृपक्षात दत्तूचे हाल असत. उज्जैन सोडून गेलेली माणसं कुठून कुठून फोन करायची: आमच्या वडिलांचं नाव घ्या, आमच्या काकांना पाणी द्या. दत्तू चिठ्ठ्या करायचा आणि घाटाच्या पायरीवर, अर्धा पाण्यात बसून, एकेक चिठ्ठी बघून तर्पण करायचा. चिठ्ठ्या भिजायच्या. एका वर्षी कुणाच्या तरी आजोबांचं गोत्र शाईसकट क्षिप्रेत गेलं, तेव्हा तो माझ्याकडे आला.

मी बेत सांगितला. एक पान करू. लोकांनी त्यावर आपल्या माणसाचं नाव, गोत्र, नातं भरायचं. घाटावर दत्तूसमोर लाकडी घोडीवर टॅबलेट. ओल्या बोटांना तो दाद देत नाही, म्हणून नावं थोड्या थोड्या वेळानं आपोआप पुढे सरकतील. शेजारी स्टँडवर दत्तूचा फोन, त्यातून सगळं थेट दिसेल. घरी बसून आपल्या माणसाचं नाव आपल्या कानांनी ऐका!

दत्तूनं संशयानं विचारलं, "आणि हे तुझं मशीन नावं शोधणार कुठून?"

माझ्यासाठी पडदाच उघडला. उभा राहिलो. म्हटलं, "दत्तू, तू संकल्प कसा सांगतोस? 'हा इथे बसलोय, करतो सुरू', असं म्हणतोस?"

"असं कसं म्हणेन?"

"नाहीच म्हणत! आधी ब्रह्मदेवाचं आयुष्य, मग कल्प, मन्वंतर, मग जंबुद्वीप, भरतखंड, मग अवंतिका, मग क्षिप्रेचा काठ. मग संवत्सर, महिना, पक्ष, तिथी. का? देव कुठेही उभा असो, पत्ता चुकता कामा नये. याला आमच्यात अ‍ॅब्सोल्यूट पाथ म्हणतात."

दत्तू खूश. "म्हणजे आम्ही पहिल्यापासून कॉम्प्युटरच चालवतोय की रे."

"बिल्कुल!"

"आणि तो दुसरा पत्ता? 'हा इथून' वाला?"

"तो आळशांचा," मी म्हटलं आणि चहाचा कप खाली ठेवला, जसा नट शेवटच्या वाक्यानंतर ठेवतो.

घरी आलो आणि प्रोग्रॅम लिहिला. नावांच्या फायलीचा पत्ता काय लिहिला? आळशांचा. टिंब, तिरकी रेघ, डेटा, तिरकी रेघ, नावं. कारण तो लिहायला सोपा आणि माझ्या लॅपटॉपवर पहिल्या फटक्यात चालला.

त्या टिंबाचा अर्थ "इथून". पण कुणाच्या "इथून"? नवशिक्या माणसाला वाटतं, प्रोग्रॅमची फाईल जिथे राहते तिथून. तसं नाही. प्रोग्रॅम कुठे राहतो याच्याशी या टिंबाला कर्तव्य नसतं. तो प्रोग्रॅम सुरू करताना, हुकूम देणारा माणूस ज्या फोल्डरमध्ये उभा असतो, तिथून हे टिंब मोजतं. प्रोग्रॅम स्वतःच्या घरातून सुरू केला तर दोन्ही एकच, म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही. भरीला, त्याच प्रोग्रॅमला आपलाच दुसरा तुकडा जोडून घ्यायचा असला की तिथलं टिंब मात्र फायलीच्या घरापासून मोजलं जातं, म्हणून माणूस आणखी निर्धास्त होतो. यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. "मी ज्या फोल्डरमध्ये राहतो तो" असं सांगणारा एक शब्द भाषेनंच दिलेला असतो, डिरनेम म्हणतात त्याला. तो पत्त्याच्या आधी लावायचा, झालं. कुणीही कुठूनही हुकूम द्या, प्रोग्रॅम आपल्याच घरातला डबा उघडणार. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी हे दुसऱ्यांना शिकवत होतो.

आणखी एक. प्रोग्रॅम तपासायला खोटी नावं लागतात. खोटी नावं रचायला कुणाला वेळ आहे? आणि मला थोडी गंमत हवी होती. मी घरचीच मंडळी घातली, गोत्रासकट. पहिले मंजिरीचे सख्खे मामा, केशव विनायक, गोत्र भारद्वाज. मग माझा मेहुणा. मग आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी, ज्यांनी माझ्या स्कूटरला सावलीतली जागा दिली नव्हती. असे करत करत बरेच, आणि शेवटी पक्षपात नको म्हणून मी स्वतः. सगळे ठणठणीत. ही फाईल सर्व्हरच्या दारातल्याच फोल्डरमध्ये पडली होती, कारण पहिला प्रयोग मी तिथे केला होता. मग प्रोग्रॅमसाठी आत वेगळं, नेटकं फोल्डर केलं, त्यात खरी नावं येऊ लागली, आणि बाहेरची ती फाईल काढायची राहून गेली. डेटा नावाच्या फोल्डरात, नावं नावाची फाईल. आतही तेच, बाहेरही तेच.

पान सुरू झालं. लोक नावं भरू लागले. पानावर मदतीसाठी माझा नंबर होता. एक दिवस बिलासपूरहून फोन आला. आवाज थकलेला, पण भाषा स्वच्छ.

"मी सुधा बोलते. आम्ही पूर्वी उज्जैनला होतो. आमचे हे तिथे शाळेत गणित शिकवत. हे गेले, मग मी मुलीकडे आले. ते तुमचं पान भरता येत नाहीये हो मला."

मी एकेक रकाना त्यांच्याकडून भरून घेतला. गोविंद यशवंत. गोत्र काश्यप. नातं, पती. शेवटचं बटण दाबायच्या आधी त्या थांबल्या.

"मला मुलगा नाही. मुलगी म्हणाली मी करते, पण तिला रजा नाही, आणि माझ्यानं प्रवास होत नाही. घाटावर आमच्या ह्यांचं नाव घेणारं दुसरं कुणी नाही. चालेल ना?"

मी आवाज खाली आणला, थोडी घंटा मिसळली. "सुधाताई, सर्वपित्रीला गोविंदरावांचं नाव रामघाटावर घेतलं जाईल. तुम्ही तुमच्या कानांनी ऐकाल. माझी हमी."

त्यांनी बटण दाबलं. नाव फायलीत गेलं. बरोबर फायलीत.

सर्वपित्री अमावास्या उजाडली. आमच्याकडेही श्राद्ध होतं. मी सोवळं नेसून उघड्या अंगानं हिंडत होतो. स्वयंपाकघरातून वड्यांचा वास, खिरीचा वास. मंजिरीचे मामा, तेच केशव विनायक, ज्यांना सगळे अण्णामामा म्हणतात, आपल्या घरचं उरकून आमच्याकडे जेवायला आले होते. दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसले होते, कारण मंजिरीनं दत्तूचं तर्पण फोनवरून टीव्हीवर लावायचं ठरवलं होतं. नवऱ्याचं काम मामांना दाखवायचं होतं तिला. बिचारी.

इतक्यात पाहतो तर पान बंद. भाड्याचा सर्व्हर त्याच्या मालकांनी रात्री दुरुस्तीसाठी बंद करून पुन्हा चालू केला होता, आणि असं झालं की माझा प्रोग्रॅम मला हातानं सुरू करावा लागे. आपोआप सुरू व्हायची सोय मी "सवडीनं" करणार होतो. मी फोनवरूनच सर्व्हरवर शिरलो. शिरलं की माणूस दारातल्या फोल्डरात उभा असतो. तिथून आत जायला एक छोटा हुकूम, मग सुरू करायला दुसरा. स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, पानं मांडा!" मी तो पहिला हुकूम वाचवला. दारातच उभं राहून, आतल्या प्रोग्रॅमला बाहेरूनच म्हटलं, चल, सुरू हो.

सुरू झाला. डौलात. पडद्यावर "सर्व ठीक" आलं. ती फाईल सापडली नसती तर प्रोग्रॅम ओरडला असता, मी कपाळावर हात मारला असता, आणि हा लेख झाला नसता. पण फाईल सापडली. टिंबानं दारापासून मोजलं, डेटा नावाचं फोल्डर मिळालं, नावं नावाची फाईल मिळाली. आनंदानं वाचली.

मी पंख्याखाली उभा राहून टीव्हीकडे पाहत होतो. दत्तू पायरीवर बसला होता. संकल्प सांगितला, खणखणीत, ब्रह्मदेवापासून क्षिप्रेपर्यंत. मी मामांकडे वळून म्हटलं, "मामा, ऐका, याला आमच्यात म्हणतात..."

आणि दत्तूनं पहिलं नाव घेतलं. भारद्वाज गोत्र. केशव.

मंजिरी वडे तळता तळता झारा हातात घेऊन बाहेर आली. "अहो, गुरुजी मामांचं नाव का घेतायत?"

"कुणी दुसरे केशव असतील," मी म्हटलं. आणि टीव्हीकडे एक पाऊल सरकलो.

दुसरं नाव माझ्या मेहुण्याचं. तिसरं सेक्रेटरींचं.

अण्णामामा सावकाश सरसावून बसले. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पाण्याचं भांडं उचलून एक घोट घेतला. "पोचलं बरं का, जावईबापू," ते म्हणाले. "तीळ जरा कमी पडले."

"मामा, अहो, ते..."

"नाही, नाही, चांगलं आहे. जिवंतपणीच कळलं, कोण किती मनापासून देतंय. मंजू, खिरीचं बघ, मेलेला माणूस उपाशी बसलाय."

मंजिरी हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. माझं काम तिला समजत नाही, पण मी तिला समजतो. "तुम्ही काय केलंत?" तिनं विचारलं. मला गोविंदराव आठवले. बिलासपूरला कुणीतरी फोन समोर धरून बसलं असेल, आणि माझ्या सेक्रेटरींना पाणी मिळताना पाहत असेल.

दत्तूला फोन करावा तर त्याचा फोन स्टँडवर, चित्र दाखवण्यात गुंतलेला, आवाज बंद. मी प्रोग्रॅम थांबवला, या वेळी आत शिरलो, बरोबर जागी उभा राहून सुरू केला. पण टॅबलेटनं यादी आधीच उचलली होती. दत्तूनं स्वतः पुन्हा उघडल्याशिवाय ती बदलणार नव्हती. उरला एकच उपाय. मी अंगावर उपरणं टाकलं आणि स्कूटर काढली.

सर्वपित्रीला रामघाटाकडे स्कूटर नेणं म्हणजे काय, हे उज्जैनकरांना सांगायला नको. गोपाळ मंदिराजवळ पोलिसानं अडवलं. "पंडितजी, गाड़ी आगे नहीं जाएगी." पंडितजी! मी गाडी भिंतीला लावली आणि धोतर सावरत पळत सुटलो. लोक वाट देत होते. सोवळ्यातला माणूस पळतोय म्हणजे कुणाचा तरी मुहूर्त टळतोय, अशा समजुतीनं हात जोडत होते. एका बाईंनी तर वाकून नमस्कार केला. मी पळता पळता आशीर्वादाचा हात वर केला. तेवढ्यातही केला! काय करू, स्वभाव.

घाटावर पोचलो तर दत्तू पंचा पिळत होता. तर्पण संपलं होतं. मला पाहून तो चपापला आणि मग हसला.

"श्री! अरे, शंभर वर्षं आयुष्य तुला. आत्ता शेवटी तुझ्याच नावाचे एक गृहस्थ आले. गोत्रही तुझंच. म्हटलं, काय योगायोग."

"दत्तू, तो मीच होतो."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मी सांगितलं. तो ओल्या पायरीवर पुन्हा बसला. दत्तू रागावतो तेव्हा ओरडत नाही, हळू बोलतो.

"म्हणजे आज मी एकाही मेलेल्या माणसाला पाणी दिलं नाही."

"नाही."

"आणि ज्यांनी विश्वासानं सांगितलं, त्यांच्यातल्या एकाचंही नाव घेतलं नाही."

"नाही."

"तूच मला सांगत होतास ना रे, 'हा इथून' म्हणणं आळशांचं काम?"

मी काही बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाला काही न बोलणं काय असतं, हे ज्यांनी मला पाहिलंय त्यांनाच कळेल. यासीनभाईंच्या त्या वेबसाईटवाल्याची नक्कल मी किती लग्नांत केली होती! आज तो इथे असता तर माझी नक्कल करायला त्याला काही करावंच लागलं नसतं. नुसतं गप्प उभं राहायचं.

दत्तूला दुपारच्या श्राद्धांना दोन घरी जायचं होतं. त्यानं सूर्याकडे पाहिलं, पंचा पुन्हा पाण्यात बुडवला. "पुन्हा करतो. सगळी नावं. लोकांना कळव."

मी टॅबलेटवर यादी पुन्हा उघडून दिली आणि फोन लावत सुटलो. पुण्याच्या एका गृहस्थांनी मला जे ऐकवलं ते योग्यच होतं. इंदूरच्या एकांनी "व्हिडिओ जपून ठेवा, नंतर बघतो" म्हटलं. सुधाताईंना मी शेवटी ठेवलं. का, ते तुम्ही ओळखलंच असेल.

घंटा बरीच वाजली. मग तोच आवाज. "कोण? अच्छा, तुम्ही. बरं झालं फोन केलात, मीच करणार होते, पण म्हटलं श्राद्धाचा दिवस, तुम्ही कामात असाल. अहो, शेवटपर्यंत बघितलं मी. आमच्या ह्यांचं नाव आलं नाही."

"सुधाताई..."

"माझंच काहीतरी चुकलं असणार. तुम्ही इतकं समजावून सांगितलंत, पण मला त्यातलं काय कळतंय! शेवटी काहीतरी भलतंच दाबलं गेलं असेल. तेव्हापासून मला तेच लागून राहिलंय. मुलगी म्हणते, आई, पुढच्या वर्षी मी भरून देईन."

पुण्याच्या गृहस्थांच्या शिव्या मी उभ्यानं ऐकल्या होत्या. हे ऐकताना मी पायरीवर बसलो. माझी एक चूक आणि तिचा दोष बिलासपूरमध्ये एक म्हातारी बाई तेव्हापासून स्वतःला देत होती. माझ्या धंद्यात हे रोज होतं. मशीन चुकलं की माणूस म्हणतो, मलाच येत नाही. आणि आम्ही, मशीनवाले, त्याला तसं म्हणू देतो, कारण ते सोयीचं असतं.

"ताई, तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "गुरुजी आत्ता पुन्हा बसतायत. पहिलं नाव गोविंदरावांचं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग घाई. "आत्ता? थांबतील का हो थोडं? मी लुगडं बदलून येते. मगाशी सगळं आटोपलं म्हणून मी... येतेच. थांबतील ना?"

मी दत्तूकडे पाहिलं. त्याला दोन घरी जायचं होतं. त्यानं मान हलवली आणि पाण्यात डोळे मिटून बसून राहिला. आम्ही थांबलो. शेजारच्या पायरीवर कुणी पिंड सोडत होतं, कावळे ओरडत होते, आणि रामघाटावरचा सगळ्यात बोलका माणूस हातात फोन धरून तोंड मिटून उभा होता.

मी व्हिडिओ कॉल लावला आणि माझ्या फोनच्या पडद्यावर त्या आल्या. केस ओले, डोक्यावरून पदर. दत्तूनं डोळे उघडले आणि संकल्प पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. ब्रह्मदेवाचं आयुष्य. कल्प, मन्वंतर. जंबुद्वीप, भरतखंड. एकही शब्द गाळला नाही त्यानं. घाई असलेला माणूस चार शब्द सहज वाचवू शकला असता. मी तर एकच वाचवला होता.

मग काश्यप गोत्र. गोविंद. ओंजळीतून पाणी सुटलं.

सुधाताईंनी हात जोडले. पुष्कळ वेळ त्या तशाच होत्या. पुढची नावं सुरू झाली तेव्हा मी फोन बंद करायला निघालो, तर त्यांनी हाक मारली.

"अहो, एक विचारू? रागावू नका. मगाशी माझं काय चुकलं होतं, तेवढं सांगा ना. पुढच्या वर्षी नीट भरीन."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी आवाजात घंटा नव्हती. "ताई, शपथेवर सांगतो, तुम्ही अगदी बरोबर भरलं होतं. नाव जागच्या जागी होतं. मीच चुकीच्या जागी उभा राहून शोधत होतो."

त्यांनी थोडा विचार केला. टिंब, तिरकी रेघ, यातलं काही त्यांना माहीत नव्हतं. त्यांना रामघाट माहीत होता, सर्वपित्रीचा.

"असं होय," त्या म्हणाल्या, आणि मलाच धीर देत, "होतं हो असं. गर्दीत होतं."

मी हो म्हटलं. मी गर्दीत नव्हतो. घरी पंख्याखाली उभा होतो.